दिव्याला टोपी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलुंडला आमच्या जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर हातभर बाग आहे. तगर, कढीपत्ता आणि न फुलणारा सोनचाफा. दिवाळीनंतर आकाश निवळलं की तगर आणि कढीपत्त्याच्या मधे ट्रायपॉड लावून मी तेजोमेघांचे, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या ढगांचे, फोटो काढते. “मुंबईतून?” असं विचारणाऱ्याला मी मृगातला तेजोमेघ दाखवते. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली डोळ्यांना नुसता पुसट ठिपका वाटतो. फोटोत त्याचे लालसर पंख उघडलेले दिसतात. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं.

हे जमतं, कारण तो मेघ स्वतः प्रकाशतो आणि तेही मोजक्याच रंगांत. हायड्रोजनचा लाल ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा, ऑक्सिजनचा हिरवट निळा ५०१ च्या आसपास. एवढ्याच पट्ट्या आत सोडणारा फिल्टर लावला की शहराचा बराचसा उजेड बाहेर अडतो. मग दोन-दोन मिनिटांच्या साठ-सत्तर फ्रेम घेऊन संगणकावर एकावर एक रचायच्या. फ्रेम चौपट केल्या तर फोटोतली खरखर कुठे निम्मी होते, म्हणून जागरण. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारी मोटर ध्रुवावर रोखावी लागते. मुंबईत ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर, म्हणजे माझ्यासाठी समोरच्या टॉवरच्या पोटात! एखादा तारा किती सरकतो ते बघत दिशा जुळवण्यातच अर्धा तास जातो. त्याची तक्रार नाही.

तक्रार कृत्तिकांची आहे. त्यांच्याभोवतीचं निळं धुकं स्वतः प्रकाशत नाही. धुळीवरून परतलेलं ते ताऱ्यांचंच तेज. त्यात सगळे रंग मिसळलेले असल्यामुळे माझा फिल्टर शहराच्या उजेडाबरोबर त्यालाही अडवतो. रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा त्यांचा उजेड मुख्यतः पिवळ्या-नारिंगीत असे. तेवढा गाळला की निळं बऱ्यापैकी वाचायचं. पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा भरपूर, आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. आता गाळायचं काय?

एलईडी नकोत असं मी म्हणत नाही, वीज वाचतेच. पण गेल्या वर्षी सोसायटीने गेटवर नवा हॅलोजन लावला. (आहे एलईडीच, पण आमच्याकडे भिंतीवरचा प्रत्येक मोठा दिवा हॅलोजन.) खोक्यावर ६५०० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा-निळसर), आणि तोंड जवळजवळ आडवं. निम्मा उजेड टॉवरच्या गॅलऱ्यांवर, उरलेला माझ्या कढीपत्त्यावर. दिवा खाली वळवा म्हटलं तर सेक्रेटरी म्हणाले, “ताई, उद्या चोरी झाली तर?” शेवटी इलेक्ट्रिशियनकडून पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून घेतला आणि दिव्यावर टोपीसारखा बसवला. दुसऱ्या दिवशी वॉचमनमामा म्हणाले, “बाई, आता गाडीचा नंबर वाचता येतो.” आधी डोळ्यांवर तिरीप येऊन त्यांना समोरचं माणूससुद्धा धड दिसत नव्हतं. कमिटीत त्यानंतर चोरीचा विषय निघालेला नाही.

मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लागले तेव्हा, २०१५ साली, केवढा गदारोळ झाला होता. पुढे पिवळसर उजेड परत आला. तो वाद शोभेचा होता. आकाशाकरता तेवढं भांडायला कोण येणार? पण आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. मुंबईचं पेंच होणार नाही, हे मलाही कळतं. उद्यानं, मैदानं, रस्ते इथे नवे दिवे बसवताना टेंडरमध्ये दोन ओळी घालाव्यात, एवढंच मागणं आहे: दिव्याचं तोंड सरळ खाली, आणि रंग ३००० केल्विनच्या वर नको. झाडांना गुंडाळलेल्या रोषणाईच्या माळा रात्री अकराला बंद झाल्या तर झाडावरचे कावळेही झोपतील.

येत्या अमावास्येला कृत्तिकांवर पुन्हा कॅमेरा लावणार आहे. गेटवरच्या दिव्याचं काम झालं. मागच्या मैदानाचे सहा बाकी आहेत. त्यांच्यासाठी दोन अर्ज दिले, पोच मिळाली आहे. पत्र्याचे डबे मी जमवून ठेवलेत.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)