वेठबिगारीचा माल बंदरावरच अडवा

माननीय संपादक,

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नातवासाठी टीशर्ट घेतला. कॉलरमागच्या चिठ्ठीवर धुण्याच्या सूचना चार भाषांत होत्या. कापूस कुठला, तो कोणी वेचला, याबद्दल अक्षर नाही. दुकानदाराला विचारलं, तर तो हसला. "बाय, दर विचार!"

अमेरिकेने 1930 च्याच कायद्यात सक्तमजुरीच्या मालाला बंदी घातली. चीनमधल्या शिनजियांग या कापूस पिकवणाऱ्या प्रांताच्या मालाबाबत तर 2022 पासून तो सक्तमजुरीचाच असं तिथे गृहीत धरतात. तसा तो नाही, हे आयातदाराने सिद्ध करायचं. युरोपची बंदी डिसेंबर 2027 पासून लागू होईल. आपल्या संविधानाचं कलम 23 वेठबिगारीला मनाई करतं, 1976 चा कायदाही आहे. पण तोच घाम परदेशात गाळला गेला, की मुरगाव बंदरात कोणी अडवत नाही! कस्टम्स कायद्याच्या कलम 11 खाली केंद्राला आयात रोखता येते.

आमच्या छपरावर सोलर पॅनल आहेत. शिनजियांग सोलरच्या सिलिकॉनचंही मोठं केंद्र, हे मला बसवल्यावर कळलं. बिल कमी आलं, हे खरंच. तरी गोव्याच्या दोन्ही लोकसभा खासदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा.

— एक वाचक, म्हापसा