उजवा इंडिकेटर म्हणजे नक्की काय ओ?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या अंकातला ओव्हरटेकचा लेख वाचला, दोनदा वाचला. चांगला आहे, म्हणजे एसीत बसून लिहिल्यावर जेवढा चांगला होतो तेवढा आहे. "पुढील चालकाने इशारा दिल्यावरच ओव्हरटेक करा" असं चौकटीत छापलंय. कुठला इशारा, तेवढं फक्त लिहायचं राहिलं.

आमच्या सोलापूर-बार्शी रोडला पुढच्या ट्रकनं उजवा इंडिकेटर लावला की एकाचा अर्थ "जा पुढं, मोकळाय", दुसऱ्याचा अर्थ "थांब, समोरून गाडी येतीय", आणि तिसरा खरंच उजवीकडं वळणार असतो. तिघांचा दिवा सेमच लुकलुकतो की ओ.

मागच्या गळीत हंगामात मेहुण्याकडं साखरपुड्याला चाललो होतो, मंडळी शेजारी, तिच्या मांडीवर शेंगा चटणीची काचेची बरणी. वडाळ्यापर्यंत उसाच्या दोन ट्रॅक्टरनी जीव खाल्ला, मागं दोन दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर नाही, टेप इतका मोठा की हॉर्न आपल्यालाच ऐकू येईना. त्यातून सुटलो तर पुढं ट्रक. तोवर दोन ट्रकवाल्यांनी उजवा दाखवून मला व्यवस्थित साईड दिली होती, हात करून आभार पण मानले मी. तिसऱ्यानं उजवा दाखवला, समोर रस्ता रिकामा, मी गाडी बाहेर काढली, आणि हा पठ्ठ्या सरळ उजवीकडच्या पेट्रोल पंपात वळला! ब्रेक दाबला, गाडी खाली मातीत उतरली, बरणी फुटली. वर ट्रकवालाच खिडकीतून म्हणतो, "उजवा लावलाय, दिसंना का बे?" आता चूक कुणाची? कायद्यानं तोच बरोबर, हेच तर जास्त झोंबतं. बार्शी येईपर्यंत मंडळी एक शब्द बोलली नाही आणि बरणीचा विषय अजून दर सणाला निघतो.

पूर्वीचे ड्रायव्हर उजवा हात बाहेर काढून मागून पुढं हलवायचे, म्हणजे जा बाबा. ही खूण नियमातच होती, ट्रेनिंगला आम्हाला शिकवली पण होती. आता काच खाली कोण करतंय, नव्या ट्रकला तर केबिनला एसी सक्तीचा झालाय, चांगलंच आहे, त्यांनी काय उन्हात तळायचं का, पण मग हाताऐवजी काय ते एकदा ठरवा की. मागं लिहिलेलं "हॉर्न ओके प्लीज" २०१५ साली आपल्या राज्यात बंद केलं, त्याचा उत्साह केवढा होता. या दिव्याकडं कुणी बघितलं नाही.

आमचा भाचा सिव्हिलचा इंजिनिअर, तो म्हणतो दुपदरी रस्त्यावर ८० च्या स्पीडला ओव्हरटेक करायला समोरचा ४७० मीटर रस्ता दिसला पाहिजे, तसं त्यांच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे रस्ते कसे बांधायचे ते ठरवणाऱ्या संस्थेच्या, पुस्तकातच दिलंय. कारण समोरचा पण ८० नं येत असला तर दोघांतलं अंतर सेकंदाला ४४ मीटरनं संपतं. बरं, ट्रकच्या बुडाला चिकटून चालवल्यावर ४७० सोडा, ४७ मीटर तरी दिसतंय का? हे मला बरणी फुटल्यावर कळलं, आता मागं अंतर ठेवतो, तर त्या अंतरात मागचा पल्सरवाला घुसतो. आणि काही शहाणे, आपण बाजूला आलो की मुद्दाम रेस करतात, जसं काय इज्जतीचा सवाल.

अजून एक, लेखाशेजारचा फोटो कुठून उचललाय? त्यातल्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालल्यात आणि ड्रायव्हर डावीकडं बसलाय. तो बघून वैरागजवळ कुणी प्रॅक्टिस करू नये एवढीच विनंती. पत्र छापलं तर पूर्ण छापा, मागच्या वेळी कचऱ्याच्या पत्रातला मुद्द्याचा परिच्छेदच कापला होता.

आपला,
एक जुना वाचक, विजापूर रोड, सोलापूर