पायांसकट फोटो

पुणे, २४ जानेवारी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले काशीचे सगळे फोटो पाहिले. फोनवर नाही, दोन संध्याकाळी मोठ्या स्क्रीनसमोर बसून, एकेक. दोनशे अकरा आहेत. परवा फोनवरच सांगणार होते, पण फोनवर आपलं बोलणं जेवलास का आणि नोएडात थंडी किती, इथेच संपतं. म्हणून पत्र.

आधी सोपं सांगते. धुक्यातले तुझे फोटो मळकट आलेत. ती तुझी चूक नाही, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची खोड आहे. समोरचं सगळं करडं आहे असं धरूनच मीटर हिशेब करतो. पांढरंशुभ्र धुकं दिसलं की तो उजेड कमी करतो आणि पहाटेची काशी राखेत बुडवल्यासारखी दिसते. अशा वेळी एक स्टॉप जास्त द्यायचा, म्हणजे उजेड दुप्पट, धुकं दाट असेल तर दीड. पुढे स्पितीला जायचं म्हणतोस, तिथे बर्फातही हेच. तिथे बॅटरी मात्र आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेव, आणि बाहेरून खोलीत येताना कॅमेरा दारातच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून मग आत आण. नाहीतर लेन्सवर असं दव धरतं की तासभर काही दिसत नाही.

घाटावरचे सकाळचे चेहरे चांगले आलेत. का चांगले आलेत ते माहीत असू दे. काशीत गंगा उत्तरेकडे वळून वाहते. सगळे घाट पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला, आणि पलीकडच्या काठावर नुसती वाळू. उगवतीच्या उन्हाला अडवायला तिथे एक भिंत नाही. जानेवारीत पावणेसातच्या सुमाराला सूर्य वर येतो आणि पायरीवर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडावर थेट, सरळ उजेड पडतो. धुकं असलं तर तोच उजेड गाळून येतो. नऊनंतर डोळ्यांखाली सावल्या धरतात. मग गल्ल्यांत शिरायचं. मलइयोवाल्याचा फोटो म्हणूनच मला फार आवडला. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा तो फेस उन्ह चढलं की बसायला लागतो, हे तू विचारून घेतलंस आणि सकाळी लवकर गेलास. कुल्हडावर केशरी डोंगर अजून ताठ उभा आहे.

मदनपुऱ्यातल्या विणकरांचा फोटोही चांगला आहे. धोट्यावरचा हात, वर नक्षी विणायच्या जाकार्ड यंत्राच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ, खिडकीतून येणारा एवढासा उजेड. पण बाळा, त्यात अर्धा माणूस राहिलाय. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि त्याचे पाय खाली खड्ड्यात असतात. पावड्या पायांनी दाबायच्या असतात. वर हात एकदा इकडून तिकडे गेला की खाली पायांची अदलाबदल होते. माझा लग्नाचा शालू कपाटात आहे, तुला ठाऊकच आहे. तो अंगावर घेतला तेव्हा मला हातांचं कौतुक वाटलं होतं. मग पंधरा वर्षांनी अशाच एका खड्ड्यात वाकून पाहिलं. पायांच्या टाचा दगडासारख्या झाल्या होत्या.

आता तो फोटो.

मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाचा, नावेतून लांब लेन्सने काढलेला. तू खाली लिहिलंयस, 'या ट्रिपमधला बेस्ट.' तंत्राने बघितलं तर आहेच. मागे लाकडांचे ढीग, धूर, पायरीवर नुकतं मुंडन झालेला, पांढऱ्या वस्त्रातला मुलगा. फोकस नेमका डोळ्यांवर. आणि तो मुलगा तुझ्या लेन्सकडे बघतोय.

मी तो फोटो खूप वेळ उघडा ठेवला. मग उठून गॅलरीत गेले.

तुझ्या बाबांच्या वेळी वैकुंठ स्मशानभूमीत काय झालं होतं ते तू विसरला नसशील. तू मडकं खांद्यावर घेऊन उभा होतास आणि गर्दीतून कुणीतरी मोबाइल वर धरला. वाईट हेतूने नसेल, लांबच्या नातेवाइकांना दाखवायला असेल. तू एका हाताने मडकं सावरलंस आणि दुसऱ्या हाताने तो मोबाइल खाली दाबलास. एक शब्द बोलला नाहीस. तेवीस वर्षांचा होतास. काशीतला हा मुलगा तेवढ्याच वयाचा दिसतो. त्याचा हात नावेपर्यंत पोचत नव्हता, एवढाच काय तो फरक. शेवटी चितेवर खांद्यावरून पाणी टाकून मागे वळून न बघता निघायचं, अशी तिथली रीत आहे. त्या घाटावर कॅमेरा काढू नये हे तिथला प्रत्येक नावाडी सांगतो. तुलाही सांगितलं असेल.

रागावून लिहीत नाही. मी हेच केलंय, आणि तुझ्यापेक्षा मोठी असताना केलंय.

१९९७ साली वृंदावनात गेले होते. तिथल्या भजनाश्रमांत पांढऱ्या साडीतल्या विधवा बायका तासन् तास कीर्तन करतात आणि त्याबदल्यात थोडे तांदूळ, थोडे पैसे मिळतात. पुष्कळशा बंगालकडच्या. कॅमेरा घेऊन वृंदावनात गेलेला प्रत्येक जण हा फोटो काढतो. मीही काढला. एक म्हातारी खांबाला टेकून बसली होती, गालावर पाणी. मी पाच फुटांवर होते. तिने पदर पुढे ओढायला हात उचलला आणि त्या हाताच्या आधी माझं बटण दाबलं गेलं. त्या हालचालीमुळेच फोटोत जीव आला. पुढे तो एका दिवाळी अंकात छापून आला, लोकांनी पत्रं लिहिली, मला बरं वाटलं.

वर्षभराने पुन्हा गेले तेव्हा प्रिंट सोबत होती. तिला शोधून काढलं आणि हातात दिली. तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, लांब धरून पाहिली, आणि म्हणाली, "ये तो रो रही है. मैं रोज थोड़े ही रोती हूँ!"

मला काही बोलता येईना. तिला नवद्वीपला भाचीकडे फोटो पाठवायचा होता. हा कसा पाठवणार? भाची घाबरून जाईल, मावशीचं तिकडे काय चाललंय म्हणून. तिने मला थांबायला सांगितलं. तोंड धुऊन आली, कपाळावर चंदनाचा टिळा नीट ओढला, शेजारणीची तपकिरी शाल मागून घेतली आणि दाराच्या चौकटीत ताठ उभी राहिली. मी नेहमीसारखी जवळ सरकले तर हाताने मागे लोटलं. "पाँव मत काटना." मी मागे मागे जात गेले, पाठीला गल्लीतली भिंत लागेपर्यंत. तेव्हा कुठे पस्तीस मिलिमीटरच्या लेन्समध्ये तिचे पाय बसले.

तो फोटो कुठेही छापला नाही. त्यात 'काही' नाही असंच कुणीही संपादक म्हणेल. एक बाई सरळ उभी आहे, हसत नाही, दोन्ही हात बाजूला, पायांत रबरी चपला. पण तिकडे गावोगाव फिरले तेव्हा कळलं, लोकांना स्वतःचा फोटो असाच हवा असतो. बलियात, मथुरेत, पार वर कांगड्याच्या खेड्यांत. आपण त्यांना नकळत टिपायला धडपडतो, कारण नकळत टिपलेलं खरं, असं आपल्याला शिकवलंय. ते म्हणतात, थांब, केस विंचरते, मग काढ. मला आता वाटतं त्यांचं म्हणणं जास्त खरं आहे. आपण जगासमोर कसं उभं राहायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. आपल्या घरातल्या भिंतीवर तुझ्या पणजीचा फोटो आहे तोही तसाच आहे, खुर्चीवर, हात मांडीवर, जोडवी दिसतील असे पाय.

होमाई व्यारावालांचं तुला मी लहानपणी सांगितलं होतं. दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवरून फिरायच्या, देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. १९७० साली त्यांनी काम थांबवलं ते थांबवलंच. फोटोग्राफरांच्या वागण्यात अदब उरली नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. मी या धंद्यात शिरले तेव्हा मला ते कारण फार छोटं वाटलं होतं. वृंदावनाहून परतताना, मथुरा स्टेशनवर रात्री गाडीची वाट बघत बसले असताना, ते एकदम कळलं.

त्याच्याही एक वर्ष आधीची गोष्ट सांगायची राहिलीय, आणि तुझ्या फोटोंवरून तीच सगळ्यात जास्त आठवली. १९९६ची संक्रांत. महानगरी एक्सप्रेसने एकटीच गेले होते. मनमाड, भुसावळ, इटारसी, जबलपूर, आणि सतना सोडल्यावर धुक्याने गाडी मुंगीसारखी. पाच तास उशिरा उतरले. दुसऱ्या दिवशी पहाटे अहिल्याबाई घाटावर. अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं. त्यांच्या नावाच्या पायरीवर बसताना परक्या गावात असल्यासारखं वाटत नाही. हातात एफएमटू कॅमेरा, रोलमध्ये छत्तीस फोटो, जवळ एकूण चार रोल. पूर्वेला नारिंगी रेघ दिसायला लागली होती. असा उजेड दहा मिनिटं असतो. त्या दहा मिनिटांसाठीच मी दोन दिवसांचा प्रवास केला होता.

गावाकडच्या दहा-अकरा बायका डुबकी घेऊन काकडत वर आल्या. दोघींनी एका साडीची दोन टोकं धरून आडोसा केला, मागे बाकीच्या कपडे बदलायला. साडी छोटी पडत होती. दुसरी साडी होती, ती धरायला हात नव्हते. त्यातली एक माझ्याकडे बघून म्हणाली, "ए बहिनी, तनी धरीं ना."

मी कॅमेरा पाठीवर टाकला आणि टोक धरलं.

सूर्य माझ्या उजव्या हाताला वर आला. पाण्यावर सोन्याची पट्टी आली, नावा काळ्या झाल्या, पक्ष्यांचा थवा त्या पट्टीवरून गेला. सगळं मी नुसतं पाहिलं. हात भरून आले, ओल्या साडीचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. शेवटची बाई बदलून बाहेर आली तोवर ऊन पांढरं झालं होतं. मग त्यांनी मला खाली बसवलं. गाठोड्यातून चुडा म्हणजे पोहे, लाई, गूळ, तिळाचे लाडू निघाले. "आज हमारी खिचड़ी है," असं म्हणत एकीने माझ्या ओंजळीत तिलवा ठेवला. संक्रांतीला तिकडे खिचडीच म्हणतात. येताना गाडीत मला रडू येत होतं, की पहिल्यांदाच सणाला घरी नाही, तू चार वर्षांचा, हलव्याचे दागिने घालायचा हट्ट करत असशील. आणि इथे कुणीतरी न मागता तीळ आणि गूळ हातावर ठेवत होतं.

निघताना त्यांनीच फोटो काढायला सांगितलं. अकरा जणी एका पायरीवर ओळीने, पावलं जुळवून. तेवढा एकच काढला. पुण्याला येऊन प्रिंट केली, त्यांच्या गावच्या पोस्टाच्या पत्त्यावर पाठवली. महिन्याभराने शाळकरी अक्षरातलं पोस्टकार्ड आलं: फोटो मिळाला, बड़की माईने फ्रेम करून लावलाय. ते कार्ड माझ्या पहिल्या बक्षिसाच्या प्रमाणपत्राखाली नाही, वर ठेवलंय. पुढच्या वेळी घरी आलास की बघ.

तेव्हापासून माझा नियम झाला. आधीच्या खेपेच्या प्रिंट घेतल्याशिवाय उत्तरेची गाडी धरायची नाही. हातात प्रिंट घेऊन गल्लीत शिरलं की माणसं तुला ओळखतात, घरात बोलावतात. कितीदा असंही होतं की ज्याचा फोटो तो माणूस नसतो, आणि घरात त्याचा दुसरा एकही फोटो नसतो. तेव्हा तिथे बसायचं, चहा येईल तो प्यायचा.

सोबत जाड लिफाफा आहे. तुझ्या फोटोंतले चौदा प्रिंट केलेत, सहा बाय आठ. मागे पेन्सिलीने कुणाचा ते लिहिलंय, पेनने लिहू नकोस, शाई पुढे उमटते. मलइयोवाल्याच्या दोन प्रती आहेत, त्याची एक दुकानात लागेल, एक घरी. नावाड्याच्या आईचा मात्र छापला नाही, त्यात पाय कापलेत. पुन्हा काढ. आधी त्यांना विचार, शाल घ्यायची असेल, केस विंचरायचे असतील.

मणिकर्णिकेचाही छापला नाही. तो ठेवायचा की पुसायचा, ते तुझं तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर पुसला असता.

आणि मदनपुऱ्यात प्रिंट द्यायला जाशील तेव्हा विणकर चाचांना विचार, खड्ड्यात शेजारी उतरू का म्हणून. उतरू दिलं तर एक दिवस कॅमेऱ्याशिवायच बस. दुसऱ्या दिवशी काढ. खाली उजेड फार कमी असतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढव, पण शटर एकसाठांश सेकंदापेक्षा सावकाश नेऊ नकोस. पाय सारखे हलत असतात.

स्वेटर आत घालत जा.

तुझी,
आई