ग्राफिंग कॅल्क्युलेटर दिला, बटणे कोण शिकवणार?

महोदय,

राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताला लॉग टेबल चालते, कॅल्क्युलेटर चालत नाही. याच मुंबईत आयबी डिप्लोमा या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या ‘अॅप्लिकेशन्स’ गणिताला मात्र प्रत्येक पेपरात ग्राफिंग, म्हणजे आलेख काढून दाखवणारा, कॅल्क्युलेटर लागतो. एसएससी करून तिकडे गेलेल्या मुलांच्या हाती हे यंत्र अकरावीत पहिल्यांदाच येते. शाळा मॉडेलचे नाव कळवतात, पालक पैसे मोजतात आणि बटणे मुलांनी आपापली शोधायची! मग पद्धत बरोबर, उत्तर चूक.

सर्रास आढळणाऱ्या टीआय-८४ प्लस या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या मॉडेलचेच घ्या. त्यावर ‘वजा’ची दोन बटणे आहेत. वजाबाकीचे उजव्या रांगेत, अधिकच्या वर. ऋण संख्येचे, कंसातले, एंटरच्या डावीकडे. ४ × −५ करताना वजाबाकीचे दाबले तर ‘सिंटॅक्स’ची चूक दिसते, तिथे ‘गोटू’ निवडले की कर्सर नेमका चुकीच्या जागी जातो. हे परवडले. ओळीच्या सुरुवातीलाच ते दाबले तर यंत्र तक्रार करत नाही, मागचे उत्तर गुपचूप पुढे जोडते. आधीचे उत्तर १२ असेल तर −५ + ८ चे ३ ऐवजी १५ येतात. शिवाय −३² म्हणजे −९. +९ हवे तर (−३)² असा कंस घालायलाच हवा.

१० चा घात लिहितानाही हेच. ६ ÷ २ × १०^३ असे टाकले की ३००० येतात. भागायचे २००० ने असेल तर सेकंड आणि स्वल्पविराम दाबून मिळणारा ‘ईई’ (‘गुणिले १० चा घात’) वापरून ६ ÷ २ईई३ असे टाकावे, उत्तर ०.००३. स्वल्पविरामावरून आठवले, १,२५,००० ही रक्कम स्वल्पविरामांशिवायच टाकावी. नव्या मॉडेलांत घात वर चढून दिसतो, पण कर्सरही वरच राहतो. २^३ नंतर उजवा बाण न दाबता +१ केले तर ९ ऐवजी १६.

एका वर्गात दोन कंपन्यांची यंत्रे असतील तर घोळ वाढतो. ६ ÷ २(१+२) चे टीआय-८४ वर ९ येतात, कॅसिओच्या एफएक्स-९९१ईएस प्लसवर १. गुणाकाराचे चिन्ह गाळायचे नाही आणि छेदाला कंस घालायचा, एवढी सवय लावली तर दोन्ही यंत्रे एकच उत्तर देतात.

आलेख दिसत नाही म्हणून यंत्र बिघडले असेही समजू नये. झूम ६ ने खिडकी, म्हणजे आलेखाचा दिसणारा भाग, −१० ते १० होते. एक्सचा वर्ग अधिक ५० त्यात मावणारच नाही, वाय-मॅक्स, म्हणजे खिडकीची वरची मर्यादा, वाढवा. साइनचा वक्र आडव्या रेघेसारखा दिसला तर कोनाचा मोड डिग्रीत (अंशांत) आहे. रेडियन हे दुसरे एकक करा किंवा झूम ७ दाबा. ‘इनव्हॅलिड डिम’ आले तर वाय-इक्वल्सच्या पडद्यावर वर प्लॉट१ (आकडेवारीचा आलेख) चालू राहिलेला असतो, तो बंद करा.

शाळांनी वर्षाच्या आरंभी यासाठी दोन तासिका द्याव्यात. परीक्षेआधी बंद यंत्रावर डावा-उजवा बाण आणि ऑन एकत्र धरून परीक्षा मोड लावतात, तेव्हा पडद्यावर कोनाचे एकक निवडायचे असते. तेही मुलांकडून तिथेच करून घ्यावे. घाईत डिग्रीऐवजी रेडियन राहिले तर साइन ३० चे ०.५ ऐवजी −०.९८८ मिळते.

– गणिताचा एक शिक्षक, दादर, मुंबई