डोंगराच्या अर्जात डोळ्यांचाही रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत दोन जाहिराती हमखास शेजारी शेजारी येतात. एक हिमालयातल्या ट्रेकची, दुसरी चष्म्यापासून कायमच्या सुटकेची. यंदा एका जाहिरातीनं दोन्हींचं लग्नच लावलं. बर्फाच्या शिखरावर हात पसरून उभा असलेला तरुण, डोळ्यांवर ना चष्मा ना गॉगल, आणि खाली 'काही मिनिटांत लेसर'. उंचीवर दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत उलटे चेहऱ्यावर फेकतो. हा तरुण अर्धा दिवस तसाच उभा राहिला तर रात्री तंबूत डोळे गच्च मिटून, पाणी गाळत पडलेला असेल. मग लेसर केलेला असो वा नसो.

माझं नव्या पेठेत चष्म्याचं दुकान आहे. चष्मेवाला लेसरच्या विरोधात लिहिणारच, असं कुणाला वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकतो की माझ्या धाकट्या मुलीचा लेसर मीच मागे लागून करवला. तिला डोंगराचं वेड आहे, आणि गुडघे साथ देतात तोवर मीही जातो. सोलापूरकराला डोंगर म्हणजे सगळा प्रवासच. पुण्याची पोरं सकाळी उठून सिंहगड चढून येतात. आमची पोरं पार्क स्टेडियमच्या पायऱ्यांवर घाम गाळतात आणि सुट्टी मिळाली की हुतात्मा एक्स्प्रेस धरून राजगड-तोरणा गाठतात. तरी इथूनही मुलं-मुली गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्ससाठी उत्तरकाशीला, मनालीला जातात. जाण्याआधी त्यांतली बरीच माझ्या काउंटरवर कोपर टेकून विचारतात, "काका, लेसर करून टाकू का?"

विचारतात ते बरोबरच आहे. डोंगरात चष्म्यासारखा छळ नाही. तोंडाला मफलर बांधला की काच धुरकट, काच पुसायला हातमोजे काढले की बोटं बधिर, आणि नंबरचा, बाजूनं झाकलेला, बर्फाचा गॉगल करून घ्यायचा तर त्याची किंमत ऐकून पोरं माझ्याकडे संशयानं बघतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावावी तर हात धुवायला पाणी नाही, रात्री लेन्सचं सोल्युशन गोठतं, आणि कंटाळून लेन्स घालूनच झोपलं तर बुबुळावर जंतुसंसर्गाची भीती. त्यातून कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तो ऑक्सिजन घेतो मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत. वर हवाच विरळ, तिथं आणखी लेन्सचं झाकण कशाला?

तेव्हा लेसर जरूर करा. पण कुठला करायचा आणि कधी करायचा, हे तुम्ही कुठं जाणार यावर ठरायला हवं. आणि हा प्रश्न कुणी विचारत नाही, हीच माझी तक्रार आहे. मुलीला घेऊन आम्ही पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेलो तिथं पॅकेजचे तीन भाव सांगितले, हप्ते सांगितले, शनिवारी करून सोमवारी कॉलेज म्हणून सांगितलं. मुलगी डोंगर चढते हे आम्ही होऊन सांगितलं तेव्हा समोरच्या बाई म्हणाल्या, "मग तर अजून छान!" दुसऱ्या ठिकाणच्या नेत्रतज्ज्ञांनी मात्र कॉर्नियाचा नकाशा आणि जाडी बघायच्या आधीच विचारलं, "जाणार कुठं? किती उंचीवर? कधी?" पुढचं सगळं त्या तीन प्रश्नांवर ठरलं.

लॅसिक नावाच्या लेसरच्या पद्धतीत कॉर्नियाचा वरचा पातळ थर वहीचं पान उलटावं तसा एका कडेवर उलटतात, आत लेसर मारतात आणि थर परत बसवतात. दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसतं, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. पण तो थर, ज्याला फ्लॅप म्हणतात, पूर्वीइतका घट्ट पुन्हा कधीच जुळत नाही. रोजच्या आयुष्यात त्यानं काही बिघडत नाही. मात्र डोळ्यावर फांदीचा फटका किंवा बर्फाचा तुकडा जोरात बसला तर तो सरकू शकतो. असं क्वचितच होतं, पण ऑपरेशनला काही वर्षं झाल्यावरही झाल्याच्या नोंदी आहेत. पीआरके या दुसऱ्या पद्धतीत फ्लॅपच नसतो. वरची नाजूक त्वचा काढून लेसर मारतात आणि ती आपोआप पुन्हा येते. त्याची किंमत म्हणजे तीन-चार दिवस भरपूर दुखणं, नजर हळूहळू स्वच्छ होणं, आणि पुढचे काही महिने कडक उन्हापासून जपणं, नाहीतर कॉर्नियावर धूसरपणा येऊ शकतो. स्माइल नावाच्या पद्धतीतही फ्लॅप नसतो, बारीक छेदातून आतली चकती काढतात. मुलीचं पीआरके झालं. तेही पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे सोलापूरचा एप्रिल-मे मागे पडलेला आणि कोर्स पुढच्या उन्हाळ्यात. आमच्या डॉक्टरांचा आग्रह होता की ऑपरेशन आणि बर्फ यांत किमान तीन महिने हवेत, सहा असतील तर उत्तम. निकालानंतर लेसर आणि पंधरा दिवसांनी ट्रेक, असा बेत घेऊन पोरं दुकानात येतात तेव्हा मी त्यांना चहा पाजतो आणि तिकीट रद्द करायला लावतो.

लॅसिक केलेली माणसं एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आली आहेत, हेही सांगायला हवं. बहुतेकांना त्रास झाला नाही. काहींना अगदी वर, आठ हजार मीटरच्या पुढं, धूसर दिसलं. डोळे कोरडे पडणं मात्र नेहमीचं, कारण ऑपरेशनात कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात आणि वरची हवा कोरडी. ड्रॉप्सची बाटली सॅकमध्ये ठेवली तर गोठते, ती आतल्या खिशात अंगाजवळ ठेवावी. शिखराची चढाई मध्यरात्री सुरू होते, तेव्हा हेडटॉर्चभोवती वलयं दिसतात का, हेही आधी इथंच अंधारात तपासून घ्यावं.

खरी काळजी मला पोरांपेक्षा माझ्याच वयाच्या लोकांची आहे. लेसर येण्याआधी, ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला, चष्मा घालवायला आरके करत. कॉर्नियावर सायकलच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे ब्लेडनं चिरा द्यायच्या. ते लोक आता निवृत्त झालेत आणि केदारनाथ, अमरनाथ, लेह करत सुटलेत. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, अमरनाथची गुहा त्याहून वर. एवढ्या उंचीवर मुक्काम पडला की ऑक्सिजनअभावी चिरा दिलेला कॉर्निया कडेनं फुगतो, मध्ये चपटा होतो आणि नंबर प्लसकडे सरकतो. अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, 4,300 मीटरवर, आरके आणि पीआरके झालेल्यांना तीन दिवस ठेवून डॉक्टरांनी डोळे मोजले, तेव्हा आरकेवाल्यांचा नंबर बदलला, पीआरकेवाल्यांचा नाही. तरुण डोळा थोडाफार प्लस नंबर ताण देऊन सांभाळून घेतो. चाळिशी लागलेल्याला दूरचंही दिसत नाही आणि जवळचंही. खाली आल्यावर नजर पूर्ववत होते, पण खाली यायला आधी वाट दिसली पाहिजे.

मे 1996 मध्ये एव्हरेस्टवर डॅलसचे डॉक्टर बेक वेदर्स यांचं हेच झालं. आरके झालेले डोळे, माथ्याच्या काहीशे मीटर खाली दिसेनासं झालं, वाट बघत थांबले आणि संध्याकाळी वादळात सापडले. जीव वाचला. उजवा हात कोपराखाली, डाव्या हाताची बोटं आणि नाक गेलं. माणूस स्वतः डॉक्टर होता, हे विशेष.

आता अर्जाबद्दल. ट्रेक कंपन्यांचे आणि यात्रा सहलींचे जे वैद्यकीय अर्ज माझ्या पाहण्यात आले, त्यांत दमा, रक्तदाब, मधुमेह, फिट्स, हृदयविकार, गर्भधारणा सगळं विचारलेलं असतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय का, हे एकातही नव्हतं. खरं तर तीन ओळींचं काम आहे: कुठलं ऑपरेशन, कुठल्या वर्षी, आणि सध्याचा नंबर किती. लीडरला हे माहीत असण्याचं आणखी एक कारण आहे. उंचीवर अंधुक दिसणं म्हणजे दर वेळी लेसरची भानगड नसते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तस्राव झालेला असू शकतो, मेंदूला सूज येत असू शकते, आणि मग तडक खाली उतरवावं लागतं. "लेसर केलाय ना, होतं असं" म्हणून त्याला झोपवून ठेवणारा लीडर मला नको आहे.

महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांनी आणि सोलापुरातून बसेस भरून अमरनाथला नेणाऱ्या मंडळांनी हा रकाना यंदापासूनच घालावा. नेत्रतज्ज्ञांनी ऑपरेशनच्या कागदावर पद्धतीचं नाव ठळक लिहून द्यावं. 'लेसर केलाय' एवढंच सांगणारे रोज भेटतात, आणि चौकशी केली तर त्यातल्या एखाद्याचं आरके निघतं. अशा आरकेवाल्या आजोबांनी लेहला जाताना प्लसचे दोन-तीन वेगवेगळ्या नंबरचे चष्मे बरोबर ठेवावेत. साध्या फ्रेममध्ये स्वस्तात होतात, कुठल्याही दुकानात.

पत्र छापल्यास माझ्या दुकानाचं नाव कृपया घालू नये. जाहिरातींचे दर मला माहीत आहेत.

– एक चष्मेवाला, नवी पेठ, सोलापूर