बाबांच्या गोळीबद्दल, लावणीच्या आधी

ती. आई आणि बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "गोळी सांध्यांची, मग ताप आला तर एवढा बाऊ कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण रेंज जात-येत होती, त्यात आईचं मागून "आधी जेवला काय ता विचारा" चालू होतं. म्हणून नीट लिहून पाठवते.

तुमची बोटं सुजतात ती वयाच्या झिजेने नव्हे. शरीराची संरक्षणाची यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटली आहे. या यंत्रणेतल्या पेशी एकमेकींना सायटोकाइन नावाची प्रथिनं पाठवतात. इंटरल्युकिन-६ हे त्यातलंच. ते पेशीच्या आत शिरत नाही, बाहेरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. त्याने आतल्या बाजूची जॅक नावाची एन्झाइमं जागी होतात आणि स्टॅट प्रथिनांवर फॉस्फेट चढवतात. मग स्टॅटच्या जोड्या जमून केंद्रकात जातात आणि सूज वाढवणारी जनुकं चालू करतात. गडग्यापलीकडून कुणी हाक मारावी आणि खळ्यातल्या माणसाने ती माजघरात पोचवावी, तसं. तुमची टोफासिटिनिब त्या खळ्यातल्या माणसाला गप्प बसवते.

गोम अशी, की जॅक फक्त सांध्यांचे निरोप नेत नाहीत. विषाणू शिरल्यावर सुटणारं इंटरफेरॉन असो की जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशींची संख्या वाढवणारं इंटरल्युकिन-२, सगळ्यांची वाट तीच. ताप चढण्यात आणि यकृताने सीआरपी (रक्तात सूज दाखवणारं प्रथिन) बनवण्यातही इंटरल्युकिन-६चा हात असतो. म्हणजे जंतू आत असूनही ताप बेताचा आणि सीआरपीचा रिपोर्ट बरा, असं होऊ शकतं. आणि तुम्ही "अंग जरा कसकसतंय" म्हणून पेज पिऊन पडून राहणार!

आता लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, शेतातल्या चिखलातून होणारा जिवाणूंचा ताप. बऱ्याच जिवाणूंच्या आवरणातला एक घटक आपल्या पेशींवरचा टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर लगेच ओळखतो. १९९८ साली ब्रूस ब्यूटलरांच्या गटाने हे उंदरांवर दाखवलं, आणि २०११च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. लेप्टोच्या जंतूचा तो घटक मात्र वेगळ्या घडणीचा आहे. उंदराचा टीएलआर-४ त्याला ओळखतो, माणसाचा ओळखत नाही! आपल्याकडे टीएलआर-२ला तो सापडतो, म्हणजे अगदीच अंधार नाही, पण एक पहारेकरी कमीच. मला हे वाचून उंदरांचा हेवाच वाटला. जंतू मूत्रपिंडात घेऊन ते खुशाल हिंडतात, त्यांच्या मुतातून तो भाताच्या कुणग्यात उतरतो, आणि आजारी पडतो तो चिखलात उभा असलेला माणूस.

पायाला भेगा, दिवसभर घोट्यापर्यंत चिखल, आणि वर ही गोळी. म्हणून यंदा तुम्ही तरवा काढायलाही उतरू नका. बांधावर उभं राहून ओरडायला हरकत नाही, नाहीतरी ते तुम्ही करताच. ताप, डोकं ठणकणं, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि गोळीचं पाकीट दाखवा. लक्षणं चिखलात उतरल्यावर पाच ते चौदा दिवसांनीही येतात, तेव्हा "शेतात गेलो त्याला आठवडा झाला" ही सबब चालणार नाही. पण मनाने गोळी बंदही करू नका. ती थांबवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

आई, ही गोळी चालू आहे म्हणून नागिणीच्या लशीबद्दल पुढच्या खेपेला तूच विचार, ते विसरतील. जिवंत विषाणू नसलेली हवी, असं सांग. आणि आशाताई लेप्टो टाळायला डॉक्सीच्या गोळ्या देऊन गेल्या तर त्याही आधी डॉक्टरांना दाखव.

गडी मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे. मग खालचा कुणगा यंदा पडीक राहू दे. वाडीत कुणी विचारलं तर खुशाल माझ्यावर ढकला.

तुमची,
मनू