टाच, काशाची वाटी आणि तुझी मान

सांगली

प्रिय शुभा,

परवा तुझा फोन ठेवला, पण तुझी मान काही डोक्यातून जाईना. दुपारी तीननंतर मानेवर गोणी ठेवल्यासारखं होतं, म्हणालीस. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि माझी डावी टाच धरली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की खिळा घुसल्यासारखी कळ यायची. भिंतीला धरून दहा-बारा पावलं टाकली की जरा सैल पडायचं. दिवसभर फळ्यासमोर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा तेच. कुणी सुचवलं म्हणून एका ठिकाणी मालिश करून घेतलं. 'गाठी फोडायच्या तर दुखणारच' म्हणत त्यांनी पोटऱ्या अशा रगडल्या, की चार दिवस काळेनिळे वळ होते. टाच होती तशीच.

मग एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेले. त्यांनी पोटरीवर तळहात नुसता टेकवला आणि थांबल्या. मी 'दाबा की' म्हणणारच होते. मिनिटभराने तो हात सरकायला लागला, इतका सावकाश, की कातडीखालचं काहीतरी त्याच्याबरोबर सरकतंय हे मला कळत होतं. आणि शुभा, माझा श्वास आपोआप लांब झाला. पाय इतका आवळून धरला होता हे तो सुटल्यावरच कळलं.

त्यांनी फॅशिया समजावून सांगितला. संत्रं सोललं की फोडीवर पापुद्रा असतो ना, तसा स्नायूंवर, त्यांच्या आतल्या धाग्यांवर, नसांभोवती सगळीकडे असतो. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात, आणि मध्ये हायलुरोनन नावाचं निसरडं द्रव्य असतं. तळपायात त्याचाच जाड पट्टा टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जातो. झोपेत पाऊल खाली कलतं, पट्टा सैल आखूड राहतो, आणि सकाळी पहिल्याच पावलाला एकदम ताणला जातो. ती कळ त्याची!

मला वाटायचं, दाबून दाबून हा पट्टा मोकळा होत असेल. पण 2008 साली काही संशोधकांनी गणित मांडलं होतं: तळपायाचा फॅशिया एक टक्का दबायलासुद्धा हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो. म्हणजे माझे ते वळ फुकटचेच. मग बरं का वाटतं? फॅशियात मज्जातंतूंची टोकं दाट असतात. संथ, उबदार स्पर्श त्यांना कळतो आणि अंग आखडून धरणं सोडतं, असं बाई म्हणाल्या. मला ते पटलं, कारण अनुभव तोच होता.

आमची आजी आठवते का तुला? रात्री तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायची. वाटी काळी पडली की म्हणायची, उष्णता निघाली. तो काळेपणा धातूचा असतो, पण तिच्या हाताची लय खरी होती. पाचव्या मिनिटाला मी झोपलेली असायचे.

मात्र हाताचा आराम मला दोन दिवसच पुरायचा. टाच खरी बरी झाली ती रोजच्या व्यायामाने, आणि त्यालाही दिवाळी उलटून गेली. उठण्याआधी पाय मांडीवर घ्यायचा, पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा मोजायचे, असं दहा वेळा. पाऊल त्यानंतरच टेकायचं. हे अजूनही चुकवत नाही.

आता तुझं. लॅपटॉपसमोरून अर्ध्या तासाने ऊठच, अगदी पाण्याच्या निमित्ताने का होईना, आणि खांदे गोल फिरव. रात्री भावोजींना सांग, कोमट तेल लावून मानेच्या मुळापासून खांद्यापर्यंत हात सावकाश ओढा, जोर नको. मानेला झटका देऊन कडकन वाजवणाऱ्याकडे अजिबात जाऊ नकोस. आणि हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली वाटत असेल तर तेलबिल राहू दे, आधी डॉक्टर. तू हे माझ्यापासून लपवत नाहीयेस ना? फोनवर दोनदा विषय बदललास, म्हणून विचारते.

पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय. आजीची वाटी माझ्याकडेच आहे, घेऊन येते. तूप तू काढून ठेव.

तुझीच,
मंदा